ऑनलाइन सेवांना टाळं लावणाऱ्यांना एक अनावृत पत्र

प्रति,
ऑनलाइन सेवा चालवणाऱ्या कंपन्यांचे संचालक, त्यांचे सल्लागार, आणि 'हे आता बंद करून टाकू या' असं बैठकीत पहिल्यांदा म्हणणारे सगळे,

स.न.वि.वि.

तुमच्या निरोपाच्या ई-मेलचा एक ठरलेला साचा आहे. सुरुवातीला आमचे आभार. मग 'या प्रवासात' तुम्हाला काय काय शिकायला मिळालं त्याची कहाणी. मग 'जड अंतःकरणाने' हे शब्द आले की समजायचं, पुढच्या ओळीत तारीख आहे. तारखेच्या खाली बारीक अक्षरांत एक लिंक असते: तुमचा डेटा इथून डाउनलोड करून घ्या, अमुक दिवसानंतर तो कायमचा पुसला जाईल. हा ई-मेल बहुधा जाहिरातींच्या ढिगात जाऊन पडतो. ज्यांनी तो ई-मेल पत्ता वापरणं कधीच सोडून दिलंय त्यांच्यापर्यंत तो पोचतही नाही.

हे पत्र त्या बारीक अक्षरांतल्या ओळीबद्दल आहे. सेवा बंद करूच नका, असं मी म्हणणार नाही. धंदा तुमचा, तोटा तुमचा. पण आमच्याकडून वर्षानुवर्षं गोळा केलेलं लिखाण, फोटो, वादविवाद यांचं पुढे काय करायचं, हे शेवटच्या आठवड्यात उरकून टाकण्याचं काम नव्हे. सेवा सुरू कराल त्याच दिवशी ते ठरलेलं असावं आणि आम्हाला सांगितलेलं असावं, एवढी माझी मागणी आहे.

'इंटरनेट काहीच विसरत नाही' हे वाक्य तुमच्या क्षेत्रातली माणसं व्यासपीठांवरून फार ऐकवतात. इंटरनेटचा इतिहास मात्र याच्या बरोब्बर उलटं सांगतो. 29 ऑक्टोबर 1969 च्या रात्री साडेदहा वाजता लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकाकडे इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्यावरचा पहिला संदेश निघाला. चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याला 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरं गेली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. अगदी घड्याळाच्या काट्यासकट हे आज सांगता येतं, कारण त्या खोलीत एक वही होती आणि तिच्यात ती वेळ हाताने टिपून ठेवलेली होती. दोनच वर्षांनी, 1971 मध्ये, रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला ई-मेल पाठवला. त्यात काय लिहिलं होतं? कुणालाच ठाऊक नाही. खुद्द टॉमलिन्सन यांनाही आठवत नव्हतं. कीबोर्डच्या वरच्या ओळीतली अक्षरं ओळीने दाबली असतील, असं ते सांगायचे. पहिल्या वेबपानाची गतही तीच. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी ते जिथे तयार केलं त्या सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने 2013 मध्ये ते पुन्हा त्याच्या मूळ पत्त्यावर मांडायचं ठरवलं, तेव्हा हाताशी होती ती 1992 सालची प्रत. त्याआधीचं पान बदलत गेलं, आणि प्रत्येक बदल आधीच्या मजकुरावरच लिहिला जात होता. वहीतली नोंद टिकली, यंत्रातली पुसली गेली.

जे टिकलं ते कसं टिकलं, हेही बघण्यासारखं आहे. 19 सप्टेंबर 1982 रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अंतर्गत चर्चाफलकावर स्कॉट फालमन यांनी एक सूचना केली. झालं होतं असं की लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा एक भौतिकशास्त्रीय विनोद कुणीतरी खराच धोक्याचा इशारा समजून बसला होता. फालमन म्हणाले, विनोद असेल तिथे कोलन, आडवी रेघ आणि कंस अशी खूण टाकत जाऊ. आज कुणाच्याही फोनमध्ये असलेल्या हसऱ्या चेहऱ्यांचे हे पूर्वज. त्यांनी स्वतः त्या संदेशाची प्रत ठेवली नव्हती. जवळजवळ वीस वर्षं तो नुसता ऐकीव होता. 2002 मध्ये काही हौशी लोकांनी विद्यापीठाच्या जुन्या बॅकअप टेप हुडकल्या, त्या वाचू शकणारं यंत्र मिळवलं, न वापरातल्या फाइल-रचनेचा उलगडा केला, तेव्हा कुठे ती तीन चिन्हं तारीख-वेळेसह हाती लागली.

दुसरं उदाहरण मला याहूनही आवडतं. वेब यायच्या दहा-बारा वर्षं आधीपासून यूजनेट नावाचं जगभर पसरलेलं चर्चांचं जाळं होतं. तिथले संदेश काही दिवसांनी आपोआप पुसले जात, कारण डिस्क महाग होत्या. टोरंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणक सांभाळणारे हेन्री स्पेन्सर मात्र 1981 पासून 1991 पर्यंत ते चुंबकीय टेपवर उतरवून ठेवत राहिले. 141 टेप, सुमारे 20 लाख संदेश. प्राणिशास्त्र विभाग, बरं का! पुढे ते सगळं टेपवरून काढून घेण्यात आलं आणि गुगलने 2001 मध्ये यूजनेटचा वीस वर्षांचा संग्रह खुला केला, त्यात सामावलं. म्हणजे ऐंशीच्या दशकात माणसं संगणकावर एकमेकांशी कशी बोलत, कशावरून भांडत, हे आज कळतं ते एका विभागातल्या एका माणसाच्या चिकाटीमुळे. मोठमोठ्या कंपन्यांना जे सुचत नाही ते अशा एखाद्याला सुचतं. पण दर वेळी असा कुणी भेटेल या भरवशावर तुम्ही सेवा चालवणार आहात का?

आता तुमच्या काळाकडे येतो. जिओसिटीज आठवत असेल. 1994 मध्ये सुरू झालेल्या या सेवेत कुणालाही फुकट पान थाटता येई, आणि ती पानं विषयांप्रमाणे 'वस्त्यां'मध्ये वसवलेली असत: संगणकवाल्यांची 'सिलिकॉन व्हॅली', विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या चाहत्यांची 'एरिया 51'. चमचमणाऱ्या पार्श्वभूमी, आपोआप वाजणारं संगीत, 'काम चालू आहे'च्या पाट्या. हसू येण्यासारखंच होतं ते, आणि तंत्रज्ञानातली शहाणी माणसं पोट धरधरून हसलीही. पण पहिल्यांदाच लाखो सामान्य माणसांना, संपादकाची परवानगी न घेता, जगासमोर काहीतरी मांडता आलं होतं. याहूने 1999 मध्ये ही सेवा सुमारे 3.6 अब्ज डॉलरला घेतली आणि 26 ऑक्टोबर 2009 रोजी बंद केली. जेसन स्कॉट आणि 'आर्काइव्ह टीम' या त्यांच्या स्वयंसेवकांनी शेवटच्या काही महिन्यांत मिळेल तेवढं उतरवून घेतलं. जे वाचलं ते किती होतं माहीत आहे? एक टेराबाइटच्या आसपास. आज खिशात मावणाऱ्या डिस्कवर बसेल एवढं. तेव्हा 'साठवणं परवडत नाही' हे कारण, निदान मजकुराच्या आणि लहान चित्रांच्या बाबतीत, कृपा करून पुढे करू नका. खर्च डिस्कचा नसतो. जुनी प्रणाली चालू ठेवणं, तिच्यातली सुरक्षेची भोकं बुजवणं, तक्रारींना उत्तरं देणं, यांचा असतो, आणि तो खरा आहे हे मान्य. पण नवं लिहिणं बंद करून, लॉगिन काढून टाकून, पानांच्या साध्या स्थिर प्रती करून ठेवल्या, तर त्यातला बहुतेक खर्च उरतच नाही.

मायस्पेस या समाजमाध्यमाने तर सेवा बंदही केली नव्हती. 2019 मध्ये उघड झालं की सर्व्हर बदलताना तीन वर्षांहून जुने फोटो, व्हिडिओ आणि गाणी गेली. 2003 पासून 2015 पर्यंतची सुमारे 5 कोटी गाणी गेल्याचं तेव्हा छापून आलं. नवख्या वादकांची पहिली ध्वनिमुद्रणं होती ती. कित्येकांकडे दुसरी प्रत नव्हती, कारण 'तिथे आहे ना' असंच सगळे धरून चालले होते. त्यातली 4 लाख 90 हजार गाणी पुढे इंटरनेट आर्काइव्ह या सार्वजनिक डिजिटल संग्रहावर आली, ती कुण्या अभ्यासकांनी संशोधनासाठी पूर्वीच उतरवून घेतली होती म्हणून. कंपनीची तजवीज त्यात काहीच नव्हती.

चांगलं उदाहरण म्हणाल तर गुगलच्या ऑर्कुट या समाजमाध्यमाचं निम्मं सांगता येईल. 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं, पण तीन महिने आधी जाहीर करून. आपलं प्रोफाइल, स्क्रॅप (एकमेकांच्या पानावर लिहिलेले निरोप) आणि फोटो डाउनलोड करायला त्यानंतरही दोन वर्षं दिली होती. सार्वजनिक कम्युनिटींमधल्या चर्चा वाचण्यापुरत्या ठेवल्याही. पुढे त्याही काढून टाकल्या, म्हणून 'निम्मं' म्हणालो.

भाडेकरूला घर सोडायला सांगतानासुद्धा मुदत देतात, आणि त्याचं सामान रस्त्यावर टाकलं तर लोक नावं ठेवतात. तुमच्याकडे मुदत किती द्यायची हे तुमच्या मर्जीवर. नव्वद दिवस दिले की फार झालं असा तुमच्यात समज दिसतो. ज्या माणसाने दहा वर्षं लिहिलं, तो त्या नव्वद दिवसांत आजारी असू शकतो, समुद्रावर असू शकतो, किंवा हयातच नसू शकतो. त्याच्या मुलांना त्याचं खातं होतं हेही माहीत नसतं. मुदत किमान एक वर्षाची हवी, आणि सूचना फक्त ई-मेलने देऊन भागणार नाही. सेवेच्या प्रत्येक पानावर, लॉगिन न करताही दिसेल अशी ती लावा.

आणि ते डाउनलोड. याबद्दल जरा सविस्तरच लिहितो, कारण तुमच्यापैकी कुणी ती झिप फाइल स्वतः उघडून पाहिली असेल असं मला वाटत नाही. बंद पडलेल्या एका सेवेवरून (नाव घेत नाही) मी माझं सगळं उतरवून घेतलं. आत फोल्डर, त्यांची नावं लांबलचक आकडे. एका फोल्डरात फोटो, पण कुठला कधीचा ते कळायला मार्ग नाही. फोटोंखाली मी लिहिलेल्या ओळी दुसऱ्याच फाइलमध्ये, आणि तिथे तारखेच्या जागी दहा आकडी संख्या. जाणत्या माणसाला विचारल्यावर कळलं की तो 1 जानेवारी 1970 पासून मोजलेल्या सेकंदांचा हिशेब आहे. माझं देवनागरी लिखाण तर ओळखूच येईना. प्रत्येक अक्षराच्या जागी एक तिरकी रेघ, एक रोमन अक्षर आणि चार चिन्हांचा संकेत. ते सोडवून घेतलं तेव्हा माझीच वाक्यं समोर आली: 'अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला.' 'हा हा, पटलं.' 'तिसरा मुद्दा मात्र साफ चूक.' कुणाला म्हणालो होतो, कशावर, कसला तिसरा मुद्दा? समोरच्याचं बोलणं 'दुसऱ्या वापरकर्त्याचा डेटा' म्हणून वगळलेलं. संवादातली माझी अर्धी बाजू तेवढी माझी मालमत्ता.

युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण कायद्याने 25 मे 2018 पासून आपला डेटा दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला, आणि तो यंत्राला वाचता येईल अशा रूपात द्यावा असं कलम 20 मध्ये लिहिलं. तुम्ही कायदा तंतोतंत पाळलात: फक्त यंत्रालाच वाचता येईल असं दिलंत. यंत्रासाठी द्याच, पण त्याच्या जोडीला माणसासाठी साधी पानं द्या, जी कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतील, ज्यांत फोटोखाली त्याची ओळ आणि ओळीशेजारी माणसाला कळणारी तारीख असेल. सार्वजनिक चर्चेत समोरच्याने सर्वांसमक्ष जे लिहिलं होतं, ते त्या चर्चेच्या प्रतीत असायला काय हरकत आहे? तो कुणाचा खासगी निरोप नव्हता.

इथे तुम्ही खासगीपणाचं बोट वर कराल, आणि तो मुद्दा हलका नाही. सतराव्या वर्षी लिहिलेला बावळटपणा चाळिशीत कुणाला आपल्या नावावर नको असतो. त्याच कायद्याचं कलम 17 पुसून टाकायचा हक्क देतं, आणि तो असलाच पाहिजे. खासगी निरोप, कुलूपबंद अल्बम, फक्त मित्रांसाठी लिहिलेलं, हे कुठल्याही संग्रहालयात जाऊ नये. ते ज्याचं त्याला द्यावं आणि मग खरोखर पुसावं, बॅकअपसकट. काही हौशी संग्राहकांना 'सगळंच वाचवा' असं वाटतं, मला ते पटत नाही. पण आमच्या खासगीपणाची ही काळजी तुम्हाला सेवा बंद करतानाच आठवते, याची गंमत वाटते. सेवा चालू असताना त्याच मजकुरावर जाहिराती विकल्या जात होत्या. माणसाला सरळ विचारा ना. खातं उघडतानाच एक प्रश्न: सेवा बंद झाली तर तुमचं सार्वजनिक लिखाण पुसावं, की सार्वजनिक संग्रहाला द्यावं? उत्तर केव्हाही बदलता यावं. खातेदार वारला तर कुणाला कळवायचं, हेही तिथेच विचारता येईल. काही कंपन्यांनी तशी सोय केली आहेच.

तुमच्यावर आमचा हा हक्क कुठून आला, असं विचाराल. ज्या जमिनीवर तुम्ही उभे आहात ती तुम्हाला फुकट मिळाली आहे. इंटरनेटचे नियम 1969 पासून 'आरएफसी' या नावाच्या टिपणांत लिहिले गेले, ती आजही कुणालाही पहिल्या क्रमांकापासून वाचता येतात. 1 जानेवारी 1983 ला अर्पानेट ज्या टीसीपी-आयपीवर, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांवर, गेलं त्यासाठी तुमच्यापैकी कुणी परवाना शुल्क भरत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटा विद्यापीठाचं गोफर, म्हणजे इंटरनेटवरची माहिती याद्यांमधून शोधून देणारी प्रणाली, वेबच्या पुढे होतं. 1993 मध्ये विद्यापीठाने काही वापरांसाठी पैसे आकारायचं ठरवलं आणि लोक बिचकले. त्याच वर्षी 30 एप्रिलला सर्नने वेबचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोकळं केलं. गोफर मागे पडायला कारणं आणखीही होती, पण वेबवर दुकान थाटताना कुणाला विचारावं लागलं नाही, हे मुख्य. ई-मेलची सेवा देणारी कंपनी बुडाली तर माणूस आपली पत्रं घेऊन दुसरीकडे जातो, आणि ई-मेल चालूच राहतो. कारण तो कुणा एकाचा नाही. तुम्ही मात्र या मोकळ्या जमिनीवर कुंपणं घातलीत. घातलीत तर घातलीत, निदान त्यांना बाहेर पडायचं दार ठेवा.

याचे परिणाम आता मोजता येऊ लागले आहेत. 2013 मध्ये वेबवर असलेल्या पानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती, असं प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने 2024 मध्ये दाखवलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या लिंकांपैकी निम्म्याच्या आसपास लिंकांवर मूळ मजकूर उरलेला नाही, हे हार्वर्डच्या अभ्यासकांनी त्याच्याही दहा वर्षं आधी नोंदवलं होतं. न्यायालयाने ज्याच्या आधारे निकाल दिला, तो आधारच गायब.

म्हणून शेवटची मागणी पत्त्यांबद्दल. सेवा बंद केल्यावर काही वर्षांनी तुम्ही डोमेनचं, म्हणजे सेवेच्या वेबपत्त्यातल्या नावाचं, नूतनीकरण थांबवता. हिशेबनिसाला ती किरकोळ बचत वाटते. मग ते नाव कुणीतरी तिऱ्हाईत उचलतो आणि शेकडो पानांवरच्या जुन्या लिंका जुगाराच्या जाहिरातींवर जाऊन आदळतात. त्या डोमेनवर कुणाचे ई-मेल पत्ते असतील तर आणखी वाईट: नव्या मालकाला त्यांच्या इतर खात्यांचे पासवर्ड बदलून घ्यायची वाट मिळते. लिंक छोटी करून देणाऱ्या सेवांचं तर कामच पत्ता टिकवण्याचं. तरी गुगलने आपली तसली सेवा 25 ऑगस्ट 2025 ला पूर्ण बंद करायचं जाहीर केलं होतं. ओरड झाल्यावर वापरात असलेल्या लिंका चालू ठेवू असं सांगितलं. ज्या लिंकेवर 2024 च्या अखेरीस कुणी क्लिक केलं नाही ती गेली. छापील प्रबंधाच्या तळटीपेत दिलेल्या लिंकेवर कुणी रोज क्लिक करत नसतं.

तेव्हा डोमेन सोडू नका. सांभाळणं जमत नसेल तर एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा सार्वजनिक संग्रहाच्या नावे करून द्या, पुढच्या वीस वर्षांच्या शुल्कासह. तुमच्या निरोपाच्या ई-मेलमध्ये आभारांच्या जागी त्या संस्थेचं नाव आणि नवा पत्ता लिहा, तो आम्ही वाचू. या पत्राचं उत्तर द्यायची इच्छा झाली तर एवढंच कळवा: तुमच्या चालू सेवांपैकी कितींसाठी अशी व्यवस्था आज कागदावर आहे?

कळावे,
आपला,
बऱ्याच बंद सेवांचा एक जुना खातेदार